मामेंचीसॉरसची ओटी

…आणि वर मला सांगतात, छान तरंगली हो काका! तरंगली! आता यावर मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? माझ्या हॉलमधला, मी स्वतः दाढीच्या ब्रशने ज्याच्या पायाच्या नखांतली धूळ काढत होतो तो प्राणी या लोकांनी भाईंदरच्या खाडीत सोडला, आणि परत येऊन माझ्या तळहातावर वाटली डाळ ठेवत सांगतात, तरंगली. अहो, पोकळ व्हिनाइलचा होता तो, तरंगणारच! बुडाला असता तर निदान जागेवर तरी राहिला असता, ओहोटीला जाऊन चिखलातून ओढून काढला असता. आणि तरंगली नाही, तरंगला. मामींची नाही, मामेंची. किती वेळा सांगायचं या माणसांना?

तुमच्याही चेहऱ्यावर तेच दिसतंय मला. कोण मामी? थांबा, सांगतो.

डायनासोर म्हटलं की लोकांना आधी दात आठवतात. मला त्या दातवाल्यांत काही रस नाही. आयुष्यभर महापालिका कव्हर केली मी, दातवाले पुष्कळ बघितले. माझा जीव सॉरोपॉडवर. सॉरोपॉड म्हणजे लांब मान, लांब शेपूट, खांबासारखे पाय आणि दिवसभर पाला खायचा, बस. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पेपरने आमची जिल्हा पुरवणी बंद केली आणि मला निरोपाची शाल दिली, त्यानंतर लागला हा नाद. त्या शालीचा उपयोग आता झाला, डिप्लोडोकसवर पांघरतो, धूळ बसत नाही. लोक म्हणतात, या वयात खेळणी? खेळणी नाहीत, मॉडेल आहेत, स्केल मॉडेल. तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात छोटी गोष्ट मोठी करायची असते. गटार तुंबलं की हाहाकार, दोघांची बाचाबाची झाली की तणावाचं वातावरण. इथे नेमकं उलटं. एवढा अवाढव्य प्राणी मोजूनमापून लहान केलेला, एकास वीस, ना कमी ना जास्त, आणि लहान करूनही खरा. अशी एक बातमी मला आयुष्यात लिहिता आली नाही.

तर या सगळ्यांत माझा मुकुटमणी म्हणजे मामेंचीसॉरस. चीनमधला. निम्मी लांबी नुसती मान! खोकं आलं ते दारातून आडवं आत येईना. बायको, मृणालिनी, ओला हात पदराला पुसत बाहेर आली, म्हणाली कोणाचं आहे एवढं? मी म्हटलं, मामेंचीसॉरस. ती म्हणाली, मामींचं? कुठल्या मामींचं? डोंबिवलीच्या? मी म्हटलं, अगं मामींचं नाही, मामेंची. तेवढ्यात तो कुरियरवाला सही घेऊन खाली गेला आणि वॉचमनला सांगून मोकळा, अंकल के घर मामी का सामान आया है. झालं! संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर. दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी तळमजल्यावरच्या प्रभावती काकू मला विचारतात, काय गुणवंत, मामी आल्या वाटतं राहायला? आजारी आहेत का, खाली दिसल्या नाहीत?

बरं, या नावाची आणखी एक भानगड आहे. असं सांगतात की ज्या गावाजवळ त्याची हाडं सापडली त्या गावाच्या नावातच सांगण्याऐकण्यात घोटाळा झाला, आणि तो चुकलेला उच्चारच शास्त्रात कायम झाला. हे मी बेसावधपणे मृणालिनीला सांगून बसलो. ती शांतपणे लसूण सोलत होती. म्हणाली, म्हणजे मुळात तेही चुकीचंच आहे, मग आमच्या मामींनीच काय घोडं मारलंय? तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं पत्रकार परिषदा हादरवल्या मी, आयुक्तांना पाणी मागायला लावलं, पण या बाईसमोर माझा उपप्रश्न कधी टिकला नाही.

पुढे काय झालं, आमच्या सोसायटीचा गणपती. जेसल पार्कात आमची बिल्डिंग, गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे आटोपशीर. सेक्रेटरी यतीन, कॉम्प्युटरवाला पोरगा, हुशार आहे, पण त्याच्या डोक्यात सतत थीम असते. तो वर आला. काका, यंदा पर्यावरण थीम आहे, तुमचा तो मोठा डायनासोर हवाय, बाप्पाच्या शेजारी ठेवू. मी म्हटलं, बोर्डावर काय लिहिणार आहेस? तर म्हणे, "झाडे तोडली, डायनासोर संपले. आता तरी जागे व्हा." मी म्हटलं, अरे कोणी तोडली झाडं? कुऱ्हाड कोणाकडे होती त्या काळात? तर हा मला सांगतो, काका, मेसेज पोचला पाहिजे. हे वाक्य मी चार संपादकांच्या तोंडून ऐकलंय. चौघेही मालकांचे नातेवाईक होते.

मग दिला कशाला, असं तुम्ही विचाराल. विचाराच. अहो, या बिल्डिंगमध्ये राहायला आल्यापासून माझ्याकडे कोणी काही मागितलं असेल तर एवढंच, की साहेब, बातमी छापू नका. कोणी माझ्या घरात येऊन त्या मानेकडे बघून "वा" म्हणालं नव्हतं. यतीन म्हणाला. खोटं कशाला सांगू, विरघळलो. दोन्ही हातांत धरून, चादरीत गुंडाळून, मी स्वतः जिन्याने खाली नेला. लिफ्टमध्ये मान अडकते.

मंडपात ठेवला तोच चेअरमन हसमुखभाई आले. माणूस सज्जन, बोलणं साखरेत घोळलेलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं, आवाज खाली. "गुणवंतभाई, बुरा मत मानना, ये व्हेज है ने?"

मी म्हटलं, हंड्रेड परसेंट. पत्ते खाता है.

"अंडा?"

"अंडा देता है. खाता नहीं."

हसमुखभाईंनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "देता है तो चलेगा. अपने को थोडी खाने का है."

आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर त्याच्या छातीवर फरसाणाच्या पाकिटावर असतो तसा हिरवा ठिपका चिकटवलेला, चौकोनात! म्हणजे बघा, माझ्या घरी कोळंबी शिजली की लिफ्टमध्ये उदबत्ती लागते. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतं, खाली "कृपया वेंटिलेशन का ध्यान रखें". मी इथला मालक, मेंटेनन्स भरणारा, मी मिटिंगला मागच्या खुर्चीवर. आणि हा चीनमधून आलेला, साता जन्मांत ओळख नसलेला प्राणी, केवळ पाला खातो म्हणून थेट गणपतीच्या उजव्या हाताला! मला हेवा वाटला असं नाही… वाटला. वाटणार नाही?

पण खरा घात झाला तो प्रभावती काकूंच्या हातून. बिल्डिंगचे सगळे सणवार त्यांच्या हातात. आरतीच्या वेळी त्या ताट घेऊन आल्या, गणपतीला हळदकुंकू वाहिलं आणि तशाच बाजूला सरकून माझ्या मामेंचीसॉरसच्या सुपारीएवढ्या कपाळावर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता! मी धावलो. म्हटलं काकू, अहो काय करताय? त्या म्हणाल्या, "बाप्पाच्या शेजारी बाईमाणूस बसलंय, कोरड्या कपाळाने ठेवायचं का?" मी म्हटलं, बाईमाणूस नाही ते, सॉरोपॉड आहे. तर म्हणतात, "असू दे की. मामी सवाष्ण आहेत ना?"

आता सांगा, यावर माणसाने काय उत्तर द्यायचं? नवऱ्याला जाऊन पंधरा-सोळा कोटी वर्षं झाली म्हणू? मी फक्त म्हटलं, काकू, मामींची नाही, मामेंची. त्या म्हणाल्या, तेच ते, देवाला सगळं समजतं.

देवाला समजत असेल, बायकांना वेगळंच समजलं. एकीने वाहिलं म्हणून दुसरीने वाहिलं. मी रोज सकाळी ओल्या कापसाने त्याचं कपाळ पुसायचो, संध्याकाळी पुन्हा लाल. दूर्वा ठेवल्या, पत्री ठेवली, शाकाहारी ना! आणि गौरी जेवल्या त्या दिवशी काकूंनी हिरवा खण आणला, नारळ, तांदूळ, आणि पुढच्या दोन पायांच्या मधे ठेवून व्यवस्थित ओटी भरली. खणाला सुतळी बांधून गळ्यात घातली, कारण पदर नाही ना. मृणालिनी शेजारी उभी. मी म्हटलं, तू तरी काही बोल. ती म्हणाली, माझी ओटी इतक्या थाटात कोणी भरली नव्हती, मी काय बोलू.

आणि मग विसर्जन. आता तुम्ही म्हणाल, गुणवंतराव, तुम्ही कुठे होतात? मी मिरवणुकीच्या पुढे होतो, भांडत! स्पीकरच्या भिंतीपुढे मोबाइलवर आवाज मोजत होतो आणि हवालदाराला आकडा दाखवत होतो. हवालदार कानाला हात लावून म्हणतोय, काय म्हणताय, ऐकू येत नाही. मी ओरडतोय, अहो तेच सांगतोय! गणपती मात्र आमचा शाडूचा होता आणि कृत्रिम तलावात जाणार होता, कारण त्यासाठी मी मिटिंगमध्ये गळा फोडला होता. खाडीत काही टाकू नका, खाडीत काही टाकू नका, हे मी वर्षानुवर्षं लिहीत आलोय. माझ्या नावाखाली छापून आलंय. जेसल पार्कच्या घाटावर फोटो काढून आलंय.

मी पुढे ही लढाई लढतोय आणि मागे टेम्पोत काकू सगळ्यांना समजावतायत की ओटी भरलेली बाई तशीच माघारी घरात घ्यायची नसते, गौरीसारखी तिचीही पाठवणी करायची, बाप्पाबरोबर जाऊ दे. दहीभाताची शिदोरीसुद्धा दिली! सगळ्यांना पटलं. हसमुखभाईंनी पाया पडून घेतलं. मी परत आलो तर टेम्पो रिकामा. यतीनला विचारलं, माझा मामेंचीसॉरस कुठे आहे? तो घामाघूम, गुलालाने माखलेला, मोठ्या समाधानाने म्हणाला, "काका, आधी तलावावरच नेला होता. पण तिथले स्वयंसेवक म्हणाले, तलावात प्लास्टिक चालणार नाही. म्हणून मग खाडीत सोडला."

ऐकलंत? नियम म्हणून पाळले हो पोराने! मातीची मूर्ती तलावात, प्लास्टिक खाडीत. पर्यावरण थीम! आणि सोडताना सगळे ओरडले म्हणे, पुढच्या वर्षी लवकर या. पुढच्या वर्षी? अहो, कंपनीने साचा मोडलाय त्याचा! आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर लोक त्याचा फोटो बघून उसासे टाकतात. पुढच्या वर्षीच काय, या पृथ्वीवर तो दुसऱ्यांदा नामशेष झाला.

मृणालिनी म्हणाली, तक्रार करा की मग, एरवी शेजाऱ्याच्या कुंडीचं पाणी पडलं तरी करता. करतो. जन्मभर केली. पण ही कशी करू? लिहायचं काय? माझ्या मालकीचं भलंमोठं प्लास्टिक खाडीत टाकण्यात आलं आहे. टाकणाऱ्यांना ते मीच स्वतःच्या हाताने आणून दिलं. अर्जदार, वर्षानुवर्षं खाडी बचाव लिहिणारा मीच. हसमुखभाईंनी सांत्वन केलं, बोले, आप के घर का मेंबर गंगाजी गया समझो. मी ओहोटी धरून घाटाखाली तिवरांत शोधत हिंडलो, चिखलात एक चप्पल गेली, दोन-चार रिकामी मखरं सापडली, एक मोडका पंखा सापडला. मामेंची नाही.

दसऱ्याच्या सुमारास, पाऊस पार ओसरल्यावर, सकाळी चहा पितोय आणि मोबाइलवर बातमी. "उत्तनच्या समुद्रात आढळला लांब मानेचा अज्ञात प्राणी; नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण." खाली फोटो. कप हातातच राहिला. ती मान मी लाखांत ओळखेन! बातमी कोणाची, तर अनुष्काची. ही पोरगी माझ्या हाताखाली उमेदवारी करून गेलेली, आता मोबाइलवर चालणारं चॅनेल काढलंय. फोन लावला. म्हटलं अज्ञात काय अज्ञात? शेपटीखाली कंपनीचं नाव छापलेलं असतं, ते वाचलं नाही? म्हणाली, सर, तिथपर्यंत कॅमेरा नाही गेला. म्हटलं आणि भीती कोणाला वाटली? म्हणाली, सर, व्ह्यूज बघा ना तुम्ही. मग म्हणाली, मी आत्ता उत्तनजवळ तारोडीला फॉलोअपला निघतेय, एका नाथा नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात आलाय तो, येताय का?

तो माझा आहे, हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं हिचं शूटिंग होऊ दे, ही निघून गेली की त्या माणसाच्या पाया पडू, गोणपाटात गुंडाळू आणि रिक्षात घालून घरी आणू. कोणाला काही कळायचं कारण नाही. तिच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. चढावर तिने मला उतरायला लावलं, तेही सोसलं.

तारोडीत पोचलो. नाथा होडीवर गेला होता, अंगणात त्याची बायको. आणि अंगणात उन्हात उभा… काय सांगू तुम्हाला. रंग विटलेला, एका पायाला शेवाळ, पण उभा! मान तश्शी! आणि त्या मानेवर ओळीने, तोंडात तोंड अडकवून, बोंबील वाळत घातलेले. डोक्यापासून खांद्यापर्यंत बोंबील, शेपटीवर बोंबील, पाठीवर थोडी करंदी पसरलेली. शाकाहारी हो! हसमुखभाईंनी तपासून घेतलेला!

बाई कौतुकाने सांगत होती, "मान लय बेस हाय हिची. मांजर पोचत न्हाय. आनि दोरीसारकी हलत पन न्हाय." अहो, माझ्याकडे असताना ती मान कोणाच्या कामाला आली नव्हती. मृणालिनीच्या तर येताजाता फक्त कानाला लागायची.

तेवढ्यात अनुष्काने मोबाइल समोर धरला, केस मागे टाकले आणि लाइव्ह सुरू. मित्रांनो, आपण आता एक्झॅक्ट स्पॉटवर आहोत, आणि माझ्या मागे तुम्ही बघू शकता हा मामोंटोसॉरस…

मी काय करू हो? जन्म गेला माझा प्रुफं तपासण्यात. तोंडातून निघून गेलं. "मामोंटो नाही. मामेंची. मामेंचीसॉरस."

मोबाइल गर्रकन वळला. "सर? तुम्हाला कसं काय माहीत? म्हणजे तुमचा आहे का हा?"

पोरगी माझ्याच हाताखाली तयार झालेली. प्रश्न कधी टाकायचा ते मीच शिकवलेलं. मोबाइलवर आकडा चढताना दिसत होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर मथळा उभा राहिला, जुळवायची गरजच नाही, आयता. "खाडी वाचवा म्हणणाऱ्या ज्येष्ठ पत्रकाराचेच प्लास्टिक समुद्रात." माझ्याकडे अशी बातमी आली असती तर मी पहिल्या पानावर, घडीच्या वर लावली असती. मग मी खुलासा पाठवायचा, की वाहिलं काकूंनी, सोडलं यतीनने, चुकलं मामीत. खुलासा कोण वाचतं? माझ्याकडे आलेले सगळे खुलासे मी आतल्या पानावर, भाड्याने खोली देणेच्या शेजारी लावलेत.

नाथाची बायको पुढे आली. साधी बाई. ओले हात झटकत म्हणाली, "दादा, तुजी हाय का ही? तुजी आसंल तर ने बापा. मी बोंबील काडून घेते." आणि तिने खरंच वरचा एक जोड उचलला.

मोबाइल माझ्याकडे. बाई माझ्याकडे. आणि ते बारीकसं डोकं, तेही माझ्याकडेच वळलेलं. त्याची ठेवणच तशी आहे.

म्हटलं, नाही. माझी नाही.

बाईने जोड परत मानेवर अडकवला. मी म्हटलं, "बाई, मानेवरचे कसे दिले?"